आयजेमच्या संघाला मदत करणाऱ्यांचं श्रेय: कुणाचं, किती आणि कसं नोंदवायचं?

मृद्गंध

आमच्या महाविद्यालयातल्या मुलामुलींचा एक संघ यंदा आयजेममध्ये उतरला आहे. मी संघात नाही. इथेच पीएचडी करते आणि मुलांना प्रयोगशाळेतल्या कामात मार्गदर्शन करते. विकी फ्रीझची, म्हणजे संघाच्या वेबसाइटवर बदल करता येण्याची शेवटची, तारीख जवळ आली आहे आणि नेमकं सगळ्यांना सोपं वाटलेलं पान अडून बसलंय, मदत करणाऱ्यांच्या श्रेयाचं. इथे आयजेम केलेले, शिकवणारे, प्रयोगशाळेत नोकरी केलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जनुकांचे तुकडे सुट्या भागांसारखे जोडून पेशीकडून आपल्याला हवं ते काम करून घ्यायचं, हे सिंथेटिक बायोलॉजीचं क्षेत्र. आयजेम ही त्यातली विद्यार्थ्यांची जागतिक स्पर्धा. 2003 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एका छोट्या कोर्समधून तिची सुरुवात झाली. 2004 च्या उन्हाळ्यात 5 संघ होते, हल्ली चारशेच्या आसपास असतात आणि 2022 पासून शेवटचा मेळावा पॅरिसला भरतो. प्रत्येक संघ आपलं सगळं काम विकीवर मांडतो. त्यात कोणतं काम संघातल्या मुलांनी केलं आणि कोणतं बाहेरच्यांनी, हे सांगावंच लागतं, नाहीतर कांस्यपदकसुद्धा मिळत नाही. 2023 पासून त्यासाठी ठरावीक फॉर्म आहे.

आमचा विषय विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड ओळखण्याचा. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागात हा प्रश्न जुना आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत, असं आपलं मानक सांगतं. त्यापुढे वर्षानुवर्षं पीत राहिलं की आधी दातांवर डाग येतात आणि मग हाडं, सांधे आखडतात. काही जिवाणूंमध्ये फ्लोराइड आलं की जनुक चालू करणारा आरएनएचा एक तुकडा असतो, फ्लोराइड रायबोस्विच. त्याच्या पुढे रंग देणारं जनुक जोडायचं, ही मूळ कल्पना.

मुलांनी केलेला श्रेयाचा पहिला मसुदा असा होता: माननीय संस्थाध्यक्ष, सचिव, प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख, मग प्रायोजकांचे लोगो आणि शेवटी "सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी वृंद". स्नेहसंमेलनाच्या आभारप्रदर्शनात ऐकतो तोच क्रम. मुलांना दोष देत नाही, त्यांनी लहानपणापासून आभार असेच ऐकलेत.

पण प्रत्यक्षात काम कुणी केलं? पाण्याचे नमुने तिकडच्या जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षकांनी गोळा केले. काचेच्या बाटल्या नकोत, प्लास्टिकच्याच हव्यात, हे आम्ही सांगितल्यावर त्यांनी गावातून बाटल्या जमवल्या, धुतल्या, प्रत्येकीवर विहिरीची खूण लिहिली आणि एसटीने पार्सल पाठवलं. आमच्या सेन्सरचं उत्तर बरोबर आहे का, हे ताडून बघायला भूगर्भशास्त्र विभागातल्या मॅडमनी त्यांच्या आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडवर, म्हणजे पाण्यातलं फ्लोराइड थेट मोजणाऱ्या उपकरणावर, सगळे नमुने मोजून दिले. मीडिया (जिवाणू वाढवायचं खाद्य), ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), काचसामान हे सगळं आमचे लॅब अटेंडंट मामा बघत होते, सुट्टीतसुद्धा. पहिलं क्लोनिंग (जोडलेलं जनुक जिवाणूत बसवणं) होत नव्हतं तेव्हा शेजारच्या लॅबमधल्या पोस्टडॉकनी, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्यांनी, मुलांना आपले कॉम्पिटंट सेल्स (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणारे जिवाणू) दिले आणि एक पूर्ण दुपार शेजारी उभं राहून ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे त्यांत डीएनए घालणं, करून घेतलं. जैवसुरक्षा समितीकडे जायची कागदपत्रं कार्यालयातल्या ताईंनी तीनदा दुरुस्त करून दिली.

यातलं किती लिहायचं? मामांचं नाव पोस्टडॉकच्या शेजारी येऊ शकतं का? आणि आमच्या मुलांना छळणारा प्रश्न: पोस्टडॉकची मदत खरी लिहिली तर "मुलांनी स्वतः काय केलं मग?" असं परीक्षकांना वाटेल का?

पाषाणकर

मी आयजेम केलंय, नंतर दोन संघांना सल्लाही दिलाय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ती भीती प्रत्येक संघाला असते.

खरी मदत लिहिल्याने कुणाचे गुण जात नाहीत. संशय येतो तो मोघम लिहिल्यावर. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या विकीवर अवघड प्रोटीन प्युरिफिकेशन (प्रथिन वेगळं करून शुद्ध करणं) दिसतं आणि श्रेयाच्या पानावर फक्त "सरांचे मोलाचे मार्गदर्शन लाभले" असतं, तेव्हा परीक्षक साहजिकच विचारतात की ते शुद्ध करायचं कॉलम कुणी चालवलं? त्याऐवजी "पहिल्यांदा पोस्टडॉकनी करून दाखवलं, पुढच्या वेळा आम्ही केलं, त्या अमुक पानावरच्या जेलच्या चाचण्या आमच्या" असं लिहिलंत की प्रश्नच उरत नाही. मेळाव्यात परीक्षक समोर बसून प्रश्न विचारतात. जे आपण केलं नाही त्याची उत्तरं तिथे देता येत नाहीत, आणि जे आपण केलंय ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

म्हणून नोंद नावापासून सुरू करू नका, कामापासून करा. प्रकल्पाची वही उघडा आणि तारखेवार बघत जा: हे प्रायमर (जनुकाच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) कुणी डिझाइन केले, हा प्लास्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) कुठून आला, हा नमुना कुणी आणला, हा आलेख कुणी काढला. प्रत्येक वेळी एक नाव मिळेल. काही नावं अशी येतील जी यादी आठवून करायला बसलात तर कधीच आली नसती. आणि संस्थाध्यक्ष कुठल्या तारखेला येतात ते आपोआप कळेल. त्यांनी निधी दिला असेल तर निधीखाली येतील, सन्मानाने.

जुनाजाणता

बत्तीस वर्षं एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होतो, आता निवृत्त. मामांबद्दलचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो.

ताई, "मामांचं नाव पोस्टडॉकच्या शेजारी येऊ शकतं का" असं तुम्ही विचारलंत. येऊ शकतं, आणि ते कामासकट यावं. "लॅब अटेंडंट यांचे सहकार्य" एवढ्यावर थांबू नका. लोकांना वाटतं ऑटोक्लेव्ह म्हणजे बटण दाबायचं काम. 121 अंशाला 15 पौंड दाबावर 15 मिनिटं हे पुस्तकात असतं. पण दोन लिटरचा फ्लास्क आणि छोट्या टेस्टट्यूब एकत्र लावल्या तर मोठ्या फ्लास्कचा मधला भाग त्या वेळात तापतच नाही. झाकण घट्ट लावलं तर बाटली फुटते. दाब पूर्ण उतरायच्या आत दार उघडलं तर मीडिया उसळून बाहेर येतो. अॅम्पिसिलिन हे प्रतिजैविक गरम अगारमध्ये (प्लेटमध्ये थिजणाऱ्या खाद्यात) घातलं तर निकामी होतं आणि मग प्लेटवर सगळंच उगवतं. मुलं म्हणतात आमचं ट्रान्सफॉर्मेशन छान झालं! ते तापमान हाताला कळायला वर्षं जातात. तुमच्या संघाच्या कंट्रोल प्लेट्स, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या प्लेट्स, स्वच्छ आल्या असतील तर त्यात मामांचा वाटा आहे आणि तो शास्त्रीय वाटा आहे.

माझ्या नोकरीच्या काळात एका मोठ्या प्रकल्पाच्या अहवालात उपकरण पुरवणाऱ्या दुकानदाराचं नाव होतं, आमच्यापैकी कुणाचं नव्हतं. आम्ही मागितलंही नाही. मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. मुलांनी न मागता दिलं तर फार बरं वाटेल.

माटुंगा_लोकल

थोडा वेगळा सूर लावतो. मला वाटतं आपण यादी फुगवतो आहोत. ज्याने बाटली उचलून दिली त्याचं नाव, ज्याने चहा दिला त्याचं नाव, असं करत गेलं तर पन्नास नावं होतील आणि ज्या भूगर्भशास्त्राच्या मॅडमनी खरंच दिवसचे दिवस मोजमापं केली त्या त्यात हरवतील. मुंबईच्या आयसीटीतल्या (रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या) एका संघाचं काम मी जवळून पाहिलंय. तिथेही शेवटच्या आठवड्यात "अरे त्यांचं राहिलं, ह्यांचं राहिलं" असं चाललं होतं. शेवटी ते पान कुणी वाचलंच नाही.

शिवाय मामांना त्या कामाचा पगार मिळतो. कार्यालयातल्या ताईंनाही मिळतो. नेमून दिलेलं काम केलं म्हणून श्रेय द्यायचं का?

पाषाणकर

पगाराचा मुद्दा टिकत नाही. पगार पीआयला, म्हणजे संघाच्या प्रमुख प्राध्यापकांनाही मिळतो, पोस्टडॉकलाही मिळतो. त्यांची नावं आपण बिनदिक्कत लिहितो.

यादी फुगते हे मात्र खरं आहे. मी एकच कसोटी लावतो: हे माणूस नसतं तर विकीवरचं कोणतं पान वेगळं दिसलं असतं? पान दाखवता आलं तर नाव आणि काम लिहा. नाही दाखवता आलं तर भेटून धन्यवाद द्या, मेळाव्याहून आल्यावर पेढे द्या. शाळेच्या शिक्षकांशिवाय नमुने नाहीत आणि जैवसुरक्षा समितीच्या मंजुरीशिवाय प्रयोगच नाही. जनुकबदल केलेल्या जिवाणूंवर काम करायला आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे 1989 चे नियम लागतात आणि संस्थेची समिती त्यातली पहिली पायरी आहे. त्या ताईंनी कागद दुरुस्त केले नसते तर तुमचा संघ पावसाळा संपेपर्यंत अर्जच भरत बसला असता.

खिडकीतली

मी एका शोधनियतकालिकाच्या संपादन विभागात काम करते. या प्रश्नावर आमच्याकडे रोज भांडणं येतात, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

मदत लिहिली जाते आणि तरी हरवते, याचं मला सगळ्यात लागणारं उदाहरण अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेचं आहे. 1955 मध्ये फर्मी, पास्ता आणि उलाम या शास्त्रज्ञांनी मॅनिअॅक संगणकावरच्या एका प्रयोगाचा अहवाल लिहिला. संगणकावर गणिती प्रयोग करण्याच्या पद्धतीतला हा अगदी सुरुवातीचा आणि फार मोठा टप्पा. अहवालावर दोन वेगळ्या ओळी आहेत. काम कुणी केलं त्यात चार नावं, अहवाल कुणी लिहिला त्यात तीन. चौथं नाव मेरी त्सिंगू यांचं. प्रोग्रॅम त्यांनी लिहिला आणि चालवला, आणि तळटीपेत तसे आभारही आहेत. म्हणजे नोंद प्रामाणिक होती. पण पुढच्या लोकांनी उचलली ती फक्त लेखकांची ओळ, आणि पन्नास वर्षं त्या प्रयोगातला प्रश्न तिघांच्याच नावाने शिकवला गेला. 2008 मध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाने जाहीरपणे मागणी केली, तेव्हा कुठे चौथं नाव जोडून म्हणायची पद्धत पडू लागली.

लोकसंख्या-आनुवंशिकीत, म्हणजे समूहातल्या जनुकांच्या फरकांच्या अभ्यासातही, तसंच. 1975 च्या वॉटरसन यांच्या ज्या शोधलेखातलं सूत्र आजही जगभर वापरतात, त्याच्या आभारात आकडेमोडीसाठी मार्गारेट वू यांचं नाव आहे. 2019 मध्ये काही विद्यार्थी आणि संशोधकांनी त्या नियतकालिकाचे जुने अंक चाळले, तर प्रोग्रॅमिंग करणाऱ्या कितीतरी बायका आभारात सापडल्या. लेखकांत बायका मोजक्याच होत्या.

यातून मी घेतलेली गोष्ट अशी: नाव कुठेतरी असणं पुरत नाही. ते ज्या कामाचं आहे त्या कामाला चिकटलेलं हवं. तुमच्या फ्लोराइडच्या आलेखाखालीच "इलेक्ट्रोडवरची मोजमापं: अमुक, भूगर्भशास्त्र विभाग" असं लिहा. विकीवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असतो, पुढचे संघ तो उचलतात. आलेख उचलतील तेव्हा नावही बरोबर जाईल. श्रेयाचं पान कुणी वेगळं उचलत नाही.

आणखी एक. वैद्यकीय नियतकालिकांचे नियम सांगतात की ज्यांचे आभार मानायचे त्यांची लेखी परवानगी घ्यावी, कारण नाव छापलं की "या निष्कर्षाला यांचा पाठिंबा आहे" असा अर्थ निघू शकतो. मुलांनी ही सवय आत्ताच लावून घ्यावी. दोन ओळींचा मेसेज पुरतो: तुमच्याबद्दल असं लिहितो आहोत, चालेल ना?

सह्यकडा

परवानगीवरून लिहितो. मी विदर्भात पाण्याच्या कामात आहे.

शिक्षकांचं नाव टाकताना गावाचं नाव आपोआप उघडं पडतं. "अमुक गावच्या शाळेचे शिक्षक" आणि खाली विहीर क्रमांक 3 मध्ये फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी वर, असं इंटरनेटवर कायमचं राहणार. फ्लोराइडवालं गाव अशी ओळख पडली की तिथल्या मुलींची लग्नं जमवताना पाहुणे दात बघतात. मी हे ऐकीव सांगत नाही, त्या बैठकांत बसलो आहे. विहीर खाजगी असेल तर मालक शिक्षकांना जाब विचारेल की कुणाला विचारून पाणी नेलं?

म्हणजे श्रेय द्यायच्या नादात त्या माणसाला गावात अडचणीत आणू नका. आधी शिक्षकांशी बोला. नाव हवं असेल तर नाव आणि फक्त जिल्हा लिहा, विहिरींना तुमचे सांकेतिक क्रमांक द्या. नाव नको असेल तर "यवतमाळ जिल्ह्यातील एक शिक्षक" एवढंच, आणि काम मात्र पूर्ण लिहा: बाटल्या, खुणा, तारखा, सगळं. आणि मोजमापाचे आकडे गावाला आधी कळवा. विकीवर जगाला दिसण्याआधी ज्यांचं पाणी आहे त्यांना कळायला हवं. माझ्या मते तेच त्यांचं सगळ्यात मोठं श्रेय.

मृद्गंध

सह्यकडा, ही बाजू आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आज संध्याकाळीच शिक्षकांना फोन करते.

खिडकीतली, आलेखाखाली नाव लिहायचं लगेच ठरवलं.

माटुंगा_लोकल, पन्नास नावांची भीती मलाही होती. पाषाणकरांच्या कसोटीने वही चाळली तर चौदा माणसं निघाली. त्यात एक नाव असं आलं की आम्ही सगळेच थबकलो. पुढचा प्रश्न संघातली मुलगीच विचारते आहे, तिला इथे खातं उघडून दिलंय.

एलबी_प्लेट

नमस्कार. मी संघात आहे. आमच्या संघात सुरुवातीला आणखी एक दादा होता. सेन्सरचा पहिला आराखडा आणि सगळे प्रायमर त्याने केले. मग वेळेवरून, कामाच्या वाटपावरून वाद झाले आणि तो एप्रिलमध्ये बाहेर पडला. नंतर आम्ही आराखडा बदलला, पण त्याचे दोन प्रायमर आजही वापरतोय. संघात काही जण म्हणतात तो सोडून गेला, त्याचं नाव कशाला. मला ते पटत नाही, पण तो संघाचा सदस्य म्हणून नोंदलेलाही नाही. त्याला कुठे लिहायचं?

पाषाणकर

संघाबाहेरच्या मदतीत लिहा. "जानेवारी ते एप्रिल संघाबरोबर काम केलं, सेन्सरचा पहिला आराखडा आणि अमुक दोन प्रायमर डिझाइन केले." का गेला ते लिहायची गरज नाही. भांडण झालं म्हणून प्रायमर कुणी दुसऱ्याने डिझाइन केले असं होत नाही. आणि हे त्याला तूच कळव, इतरांवर सोडू नकोस. बहुतेक तो खूश होईल, नाही झाला तरी तुझ्याकडून नोंद खरी राहील.

खिडकीतली

एलबी_प्लेट, तू हे विचारलंस याचं मला फार कौतुक वाटतं. मोठमोठ्या प्रयोगशाळांत सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचं काम शांतपणे गिळलं जातं.

तसंच रायबोस्विचचंही बघा. तो 2012 मध्ये येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिला. 2020 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने त्यापासून पेशीविरहित (जिवंत जिवाणू न वापरणारा) सेन्सर बनवून कोस्टा रिकात प्रत्यक्ष पाण्यावर तपासला. ही माणसं तुम्हाला कधी भेटलेली नाहीत, त्यामुळे मदतीच्या फॉर्ममध्ये ती येणार नाहीत. पण आराखड्याच्या पानावर पहिल्याच परिच्छेदात ती यायला हवीत, म्हणजे कल्पना कुठे संपते आणि तुमचं काम कुठे सुरू होतं ते वाचणाऱ्याला कळेल. आयजेमच्या रजिस्ट्रीतला (जनुकभागांच्या संग्रहातला) एखादा भाग जुन्या संघाचा वापरला असेल तर त्या संघाचं नाव आणि वर्षही.

माटुंगा_लोकल

चौदा नावं असतील तर माझी हरकत नाही. मी पन्नासाला घाबरत होतो. पगाराचा मुद्दा मागे घेतो, पाषाणकरांचं उत्तर बिनतोड आहे.

एक व्यावहारिक सल्ला. विभागप्रमुख किंवा प्राचार्य "आमचं नाव सर्वांत वर का नाही" असं विचारतील. तेव्हा मुलांना पुढे करू नका, ते तुमच्यासारख्या मार्गदर्शकांनी बोलायचं. फॉर्म कामाप्रमाणे आहे, पदाप्रमाणे नाही, असं सांगा, आणि त्यांनी खरंच जे केलं ते ठळक लिहा. प्रयोगशाळा रात्री उघडी ठेवायची परवानगी प्राचार्यांनी दिली असेल तर ती छोटी गोष्ट नाही.

मृद्गंध

दिली आहे, आणि सुरक्षारक्षकांची पाळीही बदलून दिली. लिहिते.

शिक्षकांशी बोलणं झालं. त्यांना स्वतःचं नाव हवं आहे, गावाचं नको. आकडे त्यांनी ग्रामसभेत सांगायचे आणि त्यानंतरच विकीवर टाकायचे, असं ठरलंय. संघातली दोघं त्यासाठी तिकडे जाणार आहेत. बाटल्या धुण्यात आणि खुणा लिहिण्यात सातवीची मुलं होती, हेही त्यांनी आत्ता सांगितलं. मुलांची नावं टाकणार नाही, "इयत्ता सातवीचा वर्ग" असं लिहू.

मामांची नोंद मुलांनी अशी केली आहे: "वर्षभर सर्व मीडिया आणि प्लेट्स तयार करून निर्जंतुक केल्या. प्रतिजैविक मिसळण्याचं योग्य तापमान ओळखायला संघातील सर्वांना शिकवलं. 'प्रयोग' पानावरील सर्व कंट्रोल प्लेट्स त्यांनी तयार केलेल्या आहेत." जुनाजाणता काका, ठीक आहे का?

जुनाजाणता

उत्तम आहे. "शिकवलं" हा शब्द काढू देऊ नका कुणाला.

फक्त एक बघा. त्यांचं नाव सेवापुस्तकात जसं आहे तसं, पूर्ण लिहा. आमच्याकडे एकाला सगळे वीस वर्षं बंडूमामा म्हणत होते, प्रमाणपत्रावरही तेच छापून आलं, आणि ते त्यांना पुढे कुठेच दाखवता आलं नाही. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा त्यांच्या आधार कार्डावरून घ्या. आणि त्या पानाची मराठीतली प्रत छापून, संघाच्या सह्या आणि महाविद्यालयाचा शिक्का घेऊन त्यांच्या हातात द्या. विकी ते उघडणार नाहीत, कागद घरी नेतील.

मृद्गंध

शिक्का मिळवते. शिक्षकांसाठी आणि कार्यालयातल्या ताईंसाठीही तशीच प्रत काढतो. मराठी मजकूर एलबी_प्लेट लिहिते आहे, उद्या इथे टाकेल. शुद्धलेखन तपासायला कुणी आहे का?

खिडकीतली

मी आहे. पाठवा.